बादलीतलं अर्थिंग

महेंद्र उबाळ्यांनी शाळेची जुनी पिवळी मिनीबस विकत घेऊन दारात उभी केली आणि संध्याकाळपर्यंत शहापुरातल्या त्यांच्या अख्ख्या गल्लीचं एकमत झालं की उबाळे लडाखला चालले. हे कुणी सांगितलं, कुठून निघालं, काही पत्ता नाही. समोरच्या बिऱ्हाडाने तर लडाखला जाऊन आलेल्या भाच्याची लोकरी टोपीसुद्धा आणून दिली. उबाळ्यांनी ती घेतली. ऐन एप्रिलात, घाम पुसत, लोकरी टोपी हातात धरून उभं राहणं सोपं नसतं. पण खरं ठिकाण सांगणं त्याहून अवघड होतं. ते जाणार होते मुरबाडच्या अंगाला, धसईजवळच्या एका वस्तीवर. अंतर पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर.

पन्नास किलोमीटरसाठी कुणी गाडीत घर करतं का, असं तुम्ही विचाराल. गल्लीनेही पुढे तेच विचारलं. त्याचं उत्तर होतं उबाळ्यांच्या मातोश्री धोंडाबाई, वय एकोणऐंशी, आणि त्यांची ऑक्सिजनची मशीन. चार वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की झोपेत मशीन लागलीच पाहिजे, मग ती दुपारची डुलकी का असेना. एरवी बाई ठणठणीत. मशीन चाकांवरची, छोट्या कपाटाएवढी. धोंडाबाई तिला 'जावईबापू' म्हणत. कारण जावयासारखीच तिला घरातली सगळ्यात चांगली जागा लागे, ती रात्रभर घुरघुर करी, वीज जरा कमीजास्त झाली की रुसे, आणि तिला सोडून कुठे जाण्याची सोय नव्हती.

आणि धोंडाबाईंना जायचं होतं धाकट्या बहिणीकडे, सकुबाईकडे. सकुबाईंचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना लांबचा प्रवास बंद, आणि त्यांच्या वस्तीवरची वीज म्हणजे येताना कळवायची नाही आणि जाताना विचारायची नाही. त्यामुळे चार वर्षं दोघी बहिणींची भेट फक्त व्हिडिओ कॉलवर होत होती. त्यातही सकुबाईंना फोन कसा धरायचा ते जमत नसे. चार वर्षं धोंडाबाईंनी बहिणीचं फक्त कपाळ पाहिलं होतं.

यंदा बुद्धपौर्णिमेला त्या वस्तीवरच्या नव्या विहाराचं उद्घाटन होतं. जागा दोघींच्या बापाने दिलेली.

"आक्का, बाबानं जागा दिली नि आपण दोघी तिथं नाय बसलो, तर काय उपेग?" सकुबाईंचं कपाळ म्हणालं.

"सकाळी जाऊ, संध्याकाळी परत येऊ," उबाळ्यांनी सुचवून पाहिलं.

"एका रातीची वस्ती नाय, तर ती भेट कसली?" धोंडाबाई म्हणाल्या. "च्या पिऊन परत यायला मी काय शेताची मोजणी करायला चाललेय?"

तेव्हा उबाळ्यांच्या डोक्यात ती कल्पना आली. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात लिपिक म्हणून काढल्यानंतर स्वतःची अशी त्यांना आलेली ही पहिलीच कल्पना, त्यामुळे ती त्यांना फारच जोरात आली. गाडीत पलंग टाकायचा, बॅटऱ्या ठेवायच्या, इन्व्हर्टर जोडायचा आणि जावईबापूंना घेऊन निघायचं. वीज असो की नसो, आपली वीज आपल्याबरोबर. त्या दिवशी ते जेवायचे विसरले. मोबाइलवर परदेशातले लोक गाडीत घर करतात त्याचे अठरा व्हिडिओ त्यांनी पाहिले, मग फूटपट्टी घेऊन एक आराखडा काढला आणि वर लिहिलं, 'विद्युत यंत्रणा (सुधारित)'. मूळ आराखडा नव्हताच. पण खात्यात सुधारित नसलेल्या कागदाला कुणी विचारत नाही.

पहिला अडथळा आरटीओचा. खिडकीतल्या बाबूंनी अर्ज उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"गाडीत पलंग? म्हणजे रुग्णवाहिका?"

"नाही. आई झोपणार."

"म्हणजे प्रवासी झोपणार. स्लीपर कोच?"

"एकच आई आहे हो."

"घर आहे का गाडी आहे, ते काय ते एक ठरवा आणि मग या."

उबाळे थक्क झाले. रागाने नव्हे. हेच वाक्य, याच सुरात, त्यांनी स्वतः खिडकीच्या आतून चौतीस वर्षं म्हटलं होतं; बाहेरून ते कसं लागतं हे आज पहिल्यांदा कळलं. पण जातीचा लिपिक हरत नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी पृष्ठक्रमांक घातलेली, अनुक्रमणिका जोडलेली, लाल दोरीने बांधलेली फाइल खिडकीतून आत सरकवली. बाबूंनी दोरीची गाठ पाहिली, वर पाहिलं, आणि अतिशय मृदू आवाजात विचारलं, "कोणत्या खात्यात होता?" मंजुरी मिळाली.

वायरिंगसाठी उबाळ्यांनी बंटीला बोलावलं. बंटी लग्नातल्या डीजेच्या गाड्या जोडायचा. चाळिशीचा गडी, कानात कायम कापूस, त्यामुळे स्वतः ओरडून बोलायचा आणि दुसऱ्याचं निम्मंच ऐकायचा. गाडीत एवढे मोठे स्पीकर चालवणाऱ्याला म्हातारीची मशीन म्हणजे काय, असा उबाळ्यांचा हिशोब.

"काका, बॅटरीला जाड केबल लागंल," बंटी ओरडला. "अंगठ्याएवढी. नि मधी फ्यूज."

उबाळ्यांनी माळ्यावरून विहिरीच्या जुन्या पंपाची वायर काढून आणली. अकरा वर्षं ती माळ्यावर 'कधीतरी लागेल' म्हणून पडून होती. आपल्याकडे माळ्यावर पडून असलेली वस्तू अखेर वापरायला मिळणं यासारखा आनंद नाही, आणि त्या आनंदापुढे अंगठ्याची जाडी कोण पाहतो? घरातल्या भिंतीवरचा इन्व्हर्टर काढून गाडीत बसवला. सौभाग्यवती रत्नप्रभा शाळेतून आल्या, भिंतीवरचं रिकामं भोक पाहिलं आणि शिक्षिकेच्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, लाइट गेली तर आता आपण गाडीत जाऊन बसायचं का?"

लाइट गेली. तेव्हाच गेली. सगळे गाडीत जाऊन बसले. बंटीने खटका दाबला, पंखा फिरला, टाळ्या पडल्या. मग रत्नप्रभाबाईंनी परीक्षा म्हणून मिक्सर लावला, चटणीला दोन फेरे बसले आणि पलंगाखालून जळक्या प्लास्टिकचा वास यायला लागला. लहान बॅटरीतून मोठं यंत्र ओढायचं तर वायरीतून विजेचा लोंढा जातो, हे विहिरीच्या वायरीला कुणी सांगितलं नव्हतं. बंटीने झडप घालून जोड उपटला. उबाळ्यांचा शर्ट काळा झाला, समोरच्या बिऱ्हाडाने पाण्याच्या दोन बादल्या आणल्या, आणि त्या कुणावर तरी ओतायच्याच म्हणून उबाळ्यांवर ओतल्या.

अंगठ्याएवढी केबल आली. फ्यूज आला. मग जावईबापू गाडीत आले, खटका दाबला, आणि मशीन किंचाळायला लागली. घरचा साधा इन्व्हर्टर पंख्याला चालतो, दिव्याला चालतो; पण नाजूक मशीनला घरच्या विजेसारखीच मऊ, सरळ वीज लागते.

"जावयाला शिळं वाढलंत, तो कसा खाईल?" धोंडाबाई खिडकीतून म्हणाल्या.

कल्याणला जाऊन उबाळ्यांनी भारी इन्व्हर्टर आणला. त्या दुपारी खटका दाबला तेव्हा मशीनवर हिरवा दिवा लागला, बाटलीत बुडबुडे यायला लागले, आणि धोंडाबाई दारातल्या मिनीबसमध्ये आडव्या पडून पाचव्या मिनिटाला घोरायला लागल्या. गल्लीतल्या लोकांनी आपापली दारं हळू लावली. उबाळे गाडीच्या पायरीवर बसून ते घोरणं ऐकत होते. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी समोरच्यांना खरं ठिकाण सांगून टाकलं. समोरच्यांनी टोपी परत नेली.

इतकं सुरळीत झालं म्हणजे काहीतरी बाकी होतं. ते बाकी दुसऱ्या दिवशी सायकलवरून आलं. भगीरथदादा डोंगराकडच्या पाड्यावरचा, वीज कंपनीतून निवृत्त झालेला लाइनमन. पंचवीस वर्षं खांबांवर काढलेली; त्याचा शब्द शहापुरात कुणी खाली पडू देत नसे. त्याने गाडीला प्रदक्षिणा घातली, पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा मिणमिणला.

"साहेब, पायरीवर पाय ठेवला का झिणझिण्या येतात?"

उबाळ्यांना कालपासून येत होत्या. ते त्याला उत्साह समजत होते.

"अर्थिंग कुठंय?" भगीरथ म्हणाला, आणि अख्खी गल्ली गाडीखाली वाकून पाहायला लागली.

आता आपल्याकडे अर्थिंगचं महत्त्व ज्याला माहीत नाही, त्याने उन्हाळ्यात इथला फ्रिज अनवाणी उघडून पाहावा. घरामागे खड्डा खणायचा, त्यात कोळसा, मीठ आणि माती भरायची, मधोमध पाइप उभा करायचा आणि घरातली वायर त्याला बांधायची. चुकार वीज माणसाला चावण्याऐवजी जमिनीत जाते. जमीन सुकली की अर्थिंगही सुकतं, म्हणून उन्हाळाभर खड्ड्यात रोज पाणी घालायचं. हे सगळं घराला ठीक आहे. पण भगीरथदादाने आयुष्यभर घरंच पाहिली होती, आणि उबाळ्यांनी तर आरटीओत लेखी दिलं होतं की हे घर आहे. तेव्हा गाडीशेजारी खड्डा खणायला घेतला.

गल्लीने त्या खड्ड्याला जेवढे सल्ले दिले तेवढे रस्त्यावरच्या खड्ड्यांना दिले असते तर डांबर पडलं असतं. कुणी कोळसा आणला, कुणी खडं मीठ. पाइप उभा राहिला, गाडीची वायर त्याला पक्की बांधली गेली, टेस्टर विझला. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायचं काम धोंडाबाईंनी स्वतःकडे घेतलं. "आमचा जीव याच्यावर हाय," म्हणत त्या पाणी घालीत, आणि खड्ड्याशेजारी आपोआप उगवलेलं वांग्याचं रोप त्या भरात वीतभर वाढलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी सगळी गल्ली निरोपाला जमली. चालवायला उबाळे, शेजारी रत्नप्रभाबाई, मागे पलंगावर धोंडाबाई, मशीन, आणि देखरेखीला भगीरथदादा. मागच्या काचेवरचं 'सावकाश, मुले आहेत' चार वेळा खरवडूनही निघालं नव्हतं, ते तसंच. उबाळ्यांनी गिअर टाकला. गाडी जरा अडखळली, मग झटक्यात सुटली. लोक हात हलवून ओरडायला लागले. उबाळ्यांनी खिडकीतून हात हलवला. इतकं प्रेम या लोकांचं आपल्यावर आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. बंटी तर मोटारसायकल घेऊन मागे यायला लागला, एक हात सोडून ओरडत होता. उबाळ्यांनी आरशात पाहून त्यालाही हात केला.

मागून खणखणाट यायला लागला.

"वाजंत्री लावलीस व्हय रे महेंदर?" धोंडाबाई म्हणाल्या. "नको म्हटलं व्हतं ना."

सापगावच्या पुलाजवळ बंटीने गाडीला आडवं घातलं तेव्हा उबाळे खाली उतरले. गाडीच्या मागे अर्थिंगची वायर, वायरीला उपटून आलेला पाइप, पाइपाला मातीचा गड्डा, गड्ड्यात वांग्याचं रोप, आणि या सगळ्याला गुंडाळलेली समोरच्यांची वाळत घातलेली चादर. खांबाला बांधलेलं जनावर सोडायचं कुणी विसरत नाही. पण पाच जाणत्या माणसांपैकी एकालाही जमिनीला बांधलेली गाडी सोडायचं सुचलं नव्हतं. पुलावरचा एक जण थांबून म्हणाला, "काका, वरात हाय का?" उबाळ्यांनी चादरीची घडी घातली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"आता घरी चला," भगीरथ म्हणाला. "अर्थिंगबिगर मी मशीन चालू करू देणार नाय. म्हातारीचा जीव हाय."

उबाळे कठड्याला टेकले. महिनाभराची खटपट, आरटीओच्या तीन खेपा, अंगठ्याएवढी केबल, आणि प्रवास झाला सापगावपर्यंत. पौर्णिमा उद्या. वस्तीवर वीज नव्हती, सकाळीच फोन आला होता. आईच्या तोंडाकडे बघायचं त्यांना धैर्य होईना.

धोंडाबाई खिडकीतून उपटलेल्या पाइपाकडे बघत होत्या.

"भगीरथा, अर्थिंग म्हंजे काय रे? माती, मीठ, कोळसा नि पाणी, इतकंच ना?"

"व्हय आजी."

"मंग ते बादलीत नाय मावायचं?"

भगीरथदादाने टोपी काढली, डोकं खाजवलं, आभाळाकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत असा प्रश्न त्याला कोणी केला नव्हता.

"मावंल," तो म्हणाला.

"पण माती आपल्याच अंगणातली पायजे. मी पाणी घातलेली."

बंटी सुटला. अर्ध्या तासात तो लोखंडी बादली घेऊन परतला. आत कोळसा, मीठ, अंगणातली ओली माती. वांग्याचं रोपसुद्धा धोंडाबाईंनी त्यात परत खोचायला लावलं. पाइपाचा तुकडा मधोमध उभा राहिला, वायर बांधली गेली, आणि बादली त्यांनी दोन्ही पायांमध्ये घट्ट धरली. तेवढ्यात बंटी गाडीखालून बाहेर आला, उबाळ्यांना बाजूला ओढलं आणि कानातला कापूस काढून आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला.

"काका, मी इन्व्हर्टरची अर्थिंगची वायर गाडीच्या चॅसिसला, खालच्या लोखंडी सांगाड्याला मारलीय. गाडीत तेवढंच लागतं, मी इन्व्हर्टरच्या कंपनीला फोन करून इचारलं. झिणझिण्या बंद. त्या बादलीचा काय उपेग नाय. पण दादाला कोण सांगणार?"

उबाळ्यांनी खिडकीतून आत पाहिलं. आई बादलीतल्या मातीवर तांब्यातलं पाणी शिंपडत होती, आणि भगीरथदादा टेस्टर लावून समाधानाने मान हलवत होता.

"कुणी नाही सांगणार," उबाळे म्हणाले, आणि गाडी सुरू केली.

किन्हवली गेलं, सरळगाव गेलं. ऊन चढलं तसा उबाळ्यांचा उत्साहही चढला, प्रत्येक वळणावर ते मागे वळून "हिरवा दिवा आहे का?" असं विचारत, आणि मागून "हाय" असं उत्तर आलं की शीळ घालत. दुपारी गाडी वस्तीवर शिरली. सकुबाई काठी टेकत दारात आल्या. दोघी बहिणी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या.

"तुला हनुवटी हाय की गो," धोंडाबाई म्हणाल्या, आणि मग दोघी रडल्या.

वीज असलेली गाडी आलीय ही बातमी वस्तीवर पोचायला चहा उकळेपर्यंतचासुद्धा वेळ लागला नाही. सतरा मोबाइल आले, एक ड्रिल मशीन आली, कुणीतरी केस कापायची मशीन घेऊन अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत आला. उबाळ्यांमधला लिपिक जागा झाला. ते पायरीवर बसले आणि प्रत्येकाला, "अर्जंट आहे का?" असं विचारून परत पाठवू लागले. मग विहाराची मंडळी आली. सकाळच्या वंदनेला लाउडस्पीकर हवा होता. उबाळ्यांनी मागे वळून बॅटऱ्यांकडे पाहिलं. बॅटऱ्या आईच्या रात्रीसाठी होत्या. त्यातला एक थेंब द्यायला त्यांचं मन धजेना.

"दे रे," धोंडाबाई म्हणाल्या. "बाबाच्या जागंत पयला आवाज आपल्या गाडीतून जाऊ दे."

"रात्रीनंतर काय उरतं ते बघू," उबाळे म्हणाले, आणि त्या काळजीत त्यांनी सकुबाईंच्या ओट्यावर अंग टाकलं.

सकाळी ते धावतच गाडीत शिरले. इन्व्हर्टरवरचे चारही दिवे पेटलेले. बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या. म्हणजे? रात्रभर मशीन चाललीच नाही, आई मशीनशिवाय झोपली.

"झोपल्या कुठे?" रत्नप्रभाबाई चहाचे कप आत देत म्हणाल्या. "दोघी उजाडेपर्यंत बोलत होत्या. मशीन झोपेसाठी आहे ना? डोळ्याला डोळा लागला नाही त्यांचा."

पलंगावर दोघी मांडी घालून बसल्या होत्या, ताज्यातवान्या, आणि कुठल्याशा बासष्ट वर्षांपूर्वीच्या लग्नात कुणाचं नेसलेलं लुगडं सुटलं होतं यावर वाद घालत होत्या. उबाळे पायरीवर बसले आणि हसू आवरेना म्हणून त्यांनी तोंडात रुमाल कोंबला. तासाभराने उबाळ्यांच्या इन्व्हर्टरवर विहारात वंदना झाली. आवाज पार नदीपलीकडे गेला, आणि भगीरथदादा सबंध वेळ बादलीजवळ टेस्टर घेऊन उभा राहिला. दुपारी मात्र धोंडाबाईंनी जावईबापूंना नाकाला लावून तीन तास ताणून दिली, आणि चारातले दोन दिवे विझले. उबाळ्यांना केवढं बरं वाटलं.

निघायच्या वेळी धोंडाबाई बादली घेऊन खाली उतरल्या.

"भगीरथा, ही सकूच्या अंगणात पूर. तिचा पंखा चावतो."

"पण आई, गाडीचं अर्थिंग?" उबाळे म्हणाले.

"घरीच तर चाललोय. तिथं खड्डा हाय ना." त्या बहिणीकडे वळल्या. "सकू, रोज तांब्याभर पाणी घालायचं. सुकलं का करंट चावतो. तू इसरतेस, मला म्हायती हाय. म्हून पुढल्या पुनवेला मी बघायला येणार."

"ये गो," सकुबाई म्हणाल्या. "मी मुद्दाम सुकवन."

"सुकवलंस तर बघ."

भगीरथदादाने खड्डा खणला, बादली गळ्यापर्यंत पुरली, वरून माती दाबली. पंख्याची वायर त्याने पाइपाला बांधली. बंटीने सांगितलेलं उबाळ्यांना आठवलं आणि त्यांच्या मनात आलं, गाडीला नसेल, पण घराला तर हिचा उपयोग आहेच. तेवढ्यावर त्यांनी आपल्या मनाची समजूत घातली. मग गाडीला चारही बाजूंनी चक्कर मारून, कुठे काही बांधलेलं नाही ना हे वाकून पाहिलं, आणि गिअर टाकला.

सापगावचा पूल आला तेव्हा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. धोंडाबाईंनी चष्मा लावला आणि फोन हातभर लांब धरला. पडद्यावर कपाळ नव्हतं. ओली माती होती, वांग्याचं रोप होतं, आणि कडेने तांब्यातलं पाणी पडताना दिसत होतं.